पळीभर तेल

माझ्या दुकानात वर्षभर सगळ्यात जास्त काय छापलं जात असेल, तर पावतीपुस्तकं. लग्नपत्रिकांचे मोसम ठरलेले, निवडणुकीचे फ्लेक्स चार-पाच वर्षांनी, पावतीपुस्तक मात्र बारमाही. गणपती, नवरात्र, कानबाई, सप्ताह, भंडारा, जत्रा, कुस्त्यांची दंगल. वर देवाचं चित्र, खाली 'श्री. .......... यांजकडून रुपये .......... साभार पोहोचले', उजव्या कोपऱ्यात नंबर, मधोमध टोचे मारलेली रेघ, म्हणजे पावती नीट फाटते आणि अर्धा तुकडा आपल्याकडे राहतो. चाळीसगावात वीस वर्षं मी ही टिंबं आखते आहे.

तीन वर्षांपूर्वी याच मशीनवर मी एक पावतीपुस्तक स्वतःसाठी छापलं. वर देवाचं चित्र नव्हतं, जात्याचं होतं.

आमच्या तालुक्यातल्या म्हाताऱ्या बायकांकडून अहिराणी गाणी मी अकरा वर्षं लिहून घेत होते. जात्यावरच्या ओव्या, हळदीची गाणी, कानबाईची गाणी, पोरगी सासरी निघताना म्हणायची गाणी. दुकान बंद केलं की रविवारी एखाद्या गावाला जायचं, ओट्यावर बसायचं, आधी शेंगा फोडायला लागायचं, मग कधीतरी गाणं निघायचं. अशा सात वह्या भरल्या. त्यातून निवडून १६० पानांचं पुस्तक होत होतं. डेमी साइज, म्हणजे सोळा पानी दहा फॉर्म. ५०० प्रतींचा खर्च मला कुणाला विचारावा लागणार नव्हता. कागद, प्लेट, छपाई, बायंडिंग सगळं धरून ४२ हजार.

ते आपणच का घातले नाहीत, असं पुष्कळांनी विचारलं. घातले होते, आधी एकदा. एका प्रकाशकानं वह्या चाळल्या, फार तोंडभरून बोलला आणि 'लेखकाचा सहभाग' म्हणून ३५ हजार घेतले. वर्षभरानं खोक्यांतून ३०० प्रती माझ्याच घरी आल्या. अहिराणी शब्दांची वाट लागली होती. मुद्रितशोधन करणाऱ्यानं 'शे' हा शब्द चुकीचा समजून जिथे तिथे 'आहे' करून टाकला होता. बाई गातेय अहिराणीत आणि ओळ संपतेय 'आहे' वर. ती खोकी मी कुणाला दाखवली नाहीत. मराठीत लिहिणाऱ्या किती जणांच्या पलंगाखाली अशी खोकी आहेत, याचा हिशेब कुणीतरी करायला हवा. आपल्याकडे लेखकाचा सगळ्यात मोठा आश्रयदाता कोण म्हणाल, तर लेखकाचा स्वतःचा पगार आणि घरातल्या बाईचे दागिने.

दुसऱ्या खेपेला एक पुढारी आपणहून दुकानात आले. माणूस मनाचा मोठा, हे मी आजही म्हणेन. म्हणाले, ताई, सगळा खर्च माझा. पहिल्या पानावर फोटो आणि शुभेच्छा, प्रकाशन त्यांच्या वाढदिवशी. फोटोचं मला काही वाटलं नाही. फ्लेक्सवर कुणाचं तोंड किती इंचांचं, हे रकमेवर ठरतं, ते तर मी रोजच करते. पण चार दिवसांनी त्यांचा माणूस कच्च्या प्रतीत तीन ठिकाणी खुणा करून घेऊन आला. ही गाणी तेवढी काढा. तिन्हींत एक सून सासरच्या मोठ्या वाड्याला शिव्याशाप देत होती. वाड्याचं नाव नव्हतं, गावाचं नव्हतं, पण ज्याला लागायचं त्याला लागलं. एका म्हातारीनं साठ वर्षं पोटात ठेवलेलं गाणं माझ्या हातून कापलं जाणार नव्हतं. मी नको म्हटलं.

मग पावतीपुस्तक. २०० रुपये आगाऊ भरायचे, पुस्तक निघालं की घरपोच. यात नवीन काहीच नाही. प्रकाशनपूर्व नोंदणी मराठीत फार जुनी. केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोश केला, १९२० ते १९२७ मध्ये २३ खंड, तो राजाच्या खजिन्यातून नव्हे. कंपनी काढून भाग विकले, वर्गणीदार मिळवायला गावोगाव फिरले. जुन्या पुस्तकांच्या शेवटी आश्रयदात्यांच्या याद्या असायच्या, वकील, मामलेदार, मास्तर. त्या याद्या मला पुस्तकाइतक्याच वाचाव्याशा वाटतात. आज त्यालाच क्राउडफंडिंग म्हणतात. फरक एवढाच की तेव्हा माणूस दारात उभा राहायचा, आता क्यूआर कोड राहतो.

मी दोन्ही केलं. कोड व्हॉट्सॲपवर टाकला आणि पुस्तक पिशवीत घेऊन त्याच गावांना गेले जिथून गाणी आणली होती. तिथलं एक दृश्य सांगायलाच हवं. उन्हाळ्याचे दिवस, ओट्यावर कुरडया वाळत घातलेल्या. ज्या बाईनं मला सगळ्यात जास्त ओव्या दिल्या होत्या तिच्याकडे मी पैसे मागायला गेलेच नव्हते, भेटायला गेले होते. तिनं पावतीपुस्तक हातात घेतलं, जात्याचं चित्र बोटानं चाचपलं, मग पदराची गाठ सोडून पन्नासची नोट काढली. दोनशे नव्हे, पन्नास. मी पावती फाडायला घेतली, नाव लिहायला लागले, तर तिनं माझा हात धरला. "पोरी, मन्हं नाव नको लिखू. मन्ही मायनं लिख. गाना तिन्हाच शेतस."

तिच्या आईचं नाव मी लिहिलं. चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या बाईच्या नावे पन्नास रुपये साभार पोहोचले. तो अर्धा तुकडा अजून माझ्या गल्ल्यात आहे.

त्या दिवसापासून देणाऱ्याचं नाव आणि देणाऱ्याचं माप, या दोन गोष्टी डोक्यातून जात नाहीत. आणि नशीब असं की दोन्हींचे दगडी पुरावे माझ्या घरापासून तासाभराच्या वाटेवर आहेत.

चाळीसगावच्या दक्षिणेला कन्नडचा घाट चढून गौताळ्याच्या डोंगरात गेलं की पितळखोरा लागतं. अजिंठ्याइतकी तिथे गर्दी नसते. दोन हजार वर्षांहून जुनी लेणी, बरीच पडझड झालेली. तिथल्या खांबांवर ब्राह्मी अक्षरांत देणाऱ्यांची नावं आहेत. पैठणच्या गंधिक कुळातला मितदेव, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणारं घराणं, त्याचा हा खांब. पैठणच्याच संघकाच्या मुलांचा तो खांब. एक राजवैद्य, मगिल नावाचा, त्याचंही दान. अख्खी लेणी एकट्याची नाही, खांब ज्याचा त्याचा. आणि मला सगळ्यात जिव्हाळ्याचं वाटतं ते तिथे सापडलेल्या यक्षाचं. तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. गुटगुटीत, हसरा, डोक्यावर वाटी धरलेला. त्याच्या हातावर कोरलंय की हा कान्हदास सोनारानं केला. देणाऱ्यांच्या नावांच्या त्या रांगेत करणाऱ्यानंही आपलं नाव टाकलं.

दुसरा दगड पाटणचा. पाटणादेवीला आमच्याकडचे सगळे जातात, नवस फेडायला, पावसाळ्यात धबधबा बघायला. तिथला शिलालेख फार थोड्यांना ठाऊक असतो. इसवी सन १२०७च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादवांच्या सिंघण राजाचा ज्योतिषी, त्यानं आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून इथे मठ काढला. निकुंभ घराण्यातल्या सोईदेवानं त्याला दान दिलं. लेख संस्कृतात चालतो आणि पैशांची गोष्ट आली की मराठीत येतो. ती मराठी वाचताना अंगावर काटा येतो, कारण ती बाजाराची मराठी आहे. या पाटणात जे केणं उघडतं, म्हणजे जो माल विक्रीला खुला होतो, त्यावर राउळाचा, म्हणजे राजाचा, जो हक्क होता तो 'मढा दीन्हला', मठाला दिला. ब्राह्मणांनी आपला वाटा दिला. गिऱ्हाइकाकडून दामाचा विसावा हिस्सा. आणि गावात जेवढे तेलाचे घाणे चालतात, तेवढ्यांकडून घाण्यामागे पळी-पळी तेल.

ही आजच्या अर्थानं खुशीची वर्गणी नव्हती, राजानं ठरवून दिलेली पट्टी होती, हे मला कळतं. घाण्यावरच्या तेल्याला कुणी विचारलं असेल असं नाही. तरी त्या हिशेबाची रचना बघा. जगातल्या थोर गणितापैकी एक गणित जिवंत ठेवायला लागणारा खर्च गावाच्या उलाढालीला बांधून दिला. बाजार भरला की मठाला मिळणार, घाणा फिरला की दिव्यात तेल पडणार. ज्यानं दिलं त्यानं आपल्या धंद्यातल्या वस्तूच्या मापानं दिलं. तेल्याचं नाव दगडावर नाही, माप आहे.

याची आठवण मला १९७६ सालच्या 'मंथन' सिनेमावरून येते. श्याम बेनेगलांच्या त्या सिनेमाला गुजरातच्या पाच लाख दूधउत्पादकांनी दोन-दोन रुपये दिले, दुधाच्या पैशांतून. मग ट्रक भरभरून आपला सिनेमा बघायला आले. 'आपला' हा शब्द त्या दोन रुपयांनी विकत घेतला होता. माझ्या पन्नास रुपयांच्या बाईनं पुस्तक हातात आल्यावर असंच केलं. वाचता येत नाही, पण शेजारच्या पोराला बसवून आपल्या ओव्या वाचून घेतल्या आणि दोन जागी तो चुकला म्हणून सांगितलं. चुकला नव्हता तो, मी चुकले होते.

इथवर गोष्ट गोड आहे. पण मी तमाशाच्या कनातीबाहेर वाढलेली पोर आहे, म्हणून इथे थांबता येत नाही.

आमच्या गावच्या जत्रेला दरवर्षी तमाशा यायचा. जत्रा कमिटी वर्गणी काढून सुपारी द्यायची. बायका-पोरींनी पुढे जायचं नसे, आम्ही शेजारच्या घराच्या धाब्यावरून बघायचो. गवळण रंगात यायची, ढोलकीवाला लय वाढवायचा, आणि नेमकं तेव्हा कुणीतरी नोट उंच धरायचा. दौलतजादा. गाणारी बाई ओळ तिथेच सोडायची, वाकून नोट घ्यायची, माइकवरून देणाऱ्याचं नाव, गाव, रक्कम सांगितली जायची, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. एका लावणीत आठ-आठ वेळा. पोरवयात मला त्या देणाऱ्यांचा राग यायचा, गाणं मोडलं म्हणून. मोठेपणी कळलं की त्या नोटा नसत्या तर ते गाणं आमच्या गावात आलंच नसतं. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही मनात बाळगणं मला अजून जड जातं.

तमाशाच्या फडातल्या माणसाचं वर्ष उचलीवर, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांवर, चालतं. दसऱ्याच्या सुमारास मोसम सुरू होतो, त्याआधी फडमालक कलावंताला उचल देतो, मालक स्वतः सावकाराकडून उचलतो. मग बुद्धपौर्णिमेपर्यंत जत्रा करत ती फेडायची आणि पावसाळ्यात पुन्हा हात पसरायचा. २०२० आणि २०२१ ला जत्राच झाल्या नाहीत. उचल अंगावर आणि सुपारी नाही. तेव्हा मोबाइलवर किती आवाहनं फिरत होती, कोडावर कोड. आमच्या ओळखीच्या एका ढोलकीवाल्यासाठी मीही टाकलं. पंधरा दिवसांत चार हजार जमले. त्याच आठवड्यात पुण्यातल्या एका तरुण गायकाच्या अल्बमला लाख जमल्याचं वाचलं. त्या गायकाबद्दल माझी काडीची तक्रार नाही. पण लोकवर्गणी ज्याच्या ओळखी पैसेवाल्या त्याच्याकडे धावते. ढोलकीवाल्याच्या ओळखी त्याच्यासारख्याच रिकाम्या खिशाच्या होत्या. अहिराणी गाण्यांचंही तेच. यूट्यूबवर जाहिरातीच्या पैशांत वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास बघणं लागतं. डीजेवर वाजणाऱ्या गाण्याला ते आठवड्यात मिळतं, जात्यावरच्या ओवीला कुठून मिळणार.

आणि त्याहून मोठी गोष्ट. वर्गणी वस्तूला मिळते, काळाला मिळत नाही. माझ्या पुस्तकाला लोकांनी पैसे दिले कारण मी म्हणू शकले की हे बघा, तयार आहे, फक्त छापायचंय. अकरा वर्षं मी शेंगा फोडत बसले होते तेव्हा कुठली पावती फाडणार होते? ढोलकीवाल्याच्या तालमीला कुठलं पावतीपुस्तक असतं?

काळाला पैसे देणारा एक माणूस आमच्या खान्देशात होऊन गेला. अमळनेरचे प्रताप शेठजी. कापडगिरणीचा मालक. त्यांच्या पुढाकारानं १९१६ साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. तिथे माणसानं राहायचं, वाचायचं, विचार करायचा, आणि तेवढ्यासाठी त्याला पैसे मिळायचे. साने गुरुजी अमळनेरला आधी आले ते तिथे अभ्यासाला, शाळेत मास्तर झाले ते नंतर. गिरणी कामगारांच्या घामातून आलेला पैसा तत्त्वचिंतनाला, असं म्हणून कुणी नाक मुरडेल, आणि साने गुरुजी तर पुढे त्याच अमळनेरात कामगारांच्या बाजूनं उभे राहिले. तरी एका गिरणीवाल्यानं 'विचार करायला वेळ लागतो आणि वेळेला भाकर लागते' हे ओळखलं, याबद्दल मला त्यांच्यापुढे हात जोडावेसे वाटतात. फक्त एका शेठच्या मनावर असलेली गोष्ट त्या मनाबरोबर जाते. पाटणच्या घाण्यांचं तसं नव्हतं, एक घाणा बंद पडला तरी दुसरा फिरत होता.

आपण बाकी वेळेला देतो ते माणूस गेल्यावर. इतिहासाचार्य राजवाडे आयुष्यभर दफ्तरं शोधत वणवण करत राहिले, १९२६च्या शेवटी धुळ्यात वारले आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या, कविता पुस्तकरूपानं १९५२ मध्ये आल्या. आसोद्याच्या त्या माउलीच्या कवितेचा खर्च तिच्या हयातीत कुणी उचलला? जात्यानं, चुलीनं, शेतानं. हात कामात होते म्हणून ओठ मोकळे होते. आणि सोपानदेवांसारखा कवी पोटी नसता तर आज आपल्याकडे काय असतं, या विचारानं मला खरंच रात्री झोप येत नाही, कारण मी ज्या ओट्यांवर बसते तिथल्या कुणाच्याच पोटी सोपानदेव नाही.

पुस्तक निघालं. २१३ पावत्या फाटल्या होत्या. सगळ्यात जास्त पैसे कुठून आले, तर सुरतेहून. उधना, लिंबायत, तिथल्या लूमवर आणि साड्यांच्या गाळ्यांत आमची अर्धी गावं आहेत. ५१, १०१, कुणी २०० पूर्ण. टपालानं प्रती पाठवल्या, हिशेब ग्रुपवर टाकला, कोड काढून घेतला.

तरी पुढच्या महिन्याच्या एक तारखेला फोन वाजला, ५१ रुपये जमा. त्याच्या पुढच्या एक तारखेला पुन्हा ५१. चौथ्या महिन्यात मी त्या नंबरवर फोन लावला. उधन्याला रिक्षा चालवणारा माणूस, मूळचा आमच्याच तालुक्यातला. म्हटलं, भाऊ, पुस्तक तर निघालं, तुमची प्रतही पोचली, हे कशाचे पाठवताय? तो थोडा गप्प राहिला. मग म्हणाला, "पुस्तक तं व्हयनं, ताई. पन मन्ही मावशीले अजून बरंच याद शे. ती वाट दखी राहिनी. कव्हय येतस तुम्ही?"

मला जायला आणखी सात महिने लागले. दुकान, लग्नसराई, आईचं आजारपण. तोवर त्याचे ५६१ रुपये झाले होते. ते मी वेगळ्या पाकिटात ठेवले होते. त्यातूनच सुरतेच्या पॅसेंजरचं जाऊन-येऊन तिकीट काढलं आणि रेकॉर्डरचे सेल घेतले.

मावशी दहा बाय दहाच्या खोलीत. बाहेर लूमचा खडखडाट अखंड. तिनं हळदीची गाणी धडाधड म्हटली, एकही पुस्तकात नव्हतं. पण ओव्या म्हणायला लागली की दुसऱ्या ओळीवर अडायची. पुन्हा सुरू करायची, पुन्हा अडायची. चिडली स्वतःवरच. मग म्हणाली, हात मोकळे आहेत म्हणून होतंय असं. खोलीत जातं कुठलं असणार. तिनं स्टीलची परात पालथी घातली, मांडी घालून तिच्यासमोर बसली, मूठ परातीवर ठेवली आणि गोल फिरवायला लागली, खुंटा धरल्यासारखी. दोन फेरे, तीन फेरे. परात फरशीवर घासत होती. मी रेकॉर्डर तिच्या गुडघ्याशी सरकवला.

पाचव्या फेऱ्याला ओवी आली, आणि मग संध्याकाळपर्यंत थांबली नाही.